रोजगार मेळावा आणि रास्ता पेठेतलं केंद्र: छोट्या कारखान्याच्या बाजूने रिव्ह्यू

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं ऑफिस मी बघते. ऑफिस म्हणजे अकाउंट्स, पीएफ, जीएसटी, डिस्पॅचचे फोन आणि माणसं शोधणं पण माझ्याच गळ्यात, कारण तीसेक माणसांच्या शॉपला वेगळा एचआर कुठून परवडणार. आत्तापर्यंत आमची भरती म्हणजे गेटवर ए-फोरचा कागद चिकटवायचा, "पाहिजेत: व्हीएमसी ऑपरेटर" (व्हीएमसी म्हणजे धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), आणि जुन्या कामगारांना सांगायचं की बाबांनो गावाकडं कोणी असेल तर बघा. नाहीतर लेबर कॉन्ट्रॅक्टर. यावेळी सर म्हणाले सरकारी मेळाव्यात स्टॉल लावून बघू, फुकट आहे, जातंय काय आपलं. तर त्या मेळाव्याचा आणि त्यामागच्या सरकारी केंद्राचा हा रिव्ह्यू. नोकरी शोधणाऱ्यांचे अनुभव वाचायला मिळतात, नोकरी देणाऱ्याच्या बाजूने कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नावाचा गोंधळ. केंद्राचं पूर्ण नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. रिक्षावाल्याला हे सांगायच्या भानगडीत पडू नका, "रास्ता पेठ, केईएमजवळ, जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज" म्हणा, पन्नाशीच्या पुढचा रिक्षावाला असेल तर त्याने स्वतःच कधीतरी तिथे नाव नोंदवलेलं असतं. आमच्या वडिलांच्या पिढीत दहावी-बारावी झाली की पहिलं काम म्हणजे सेवायोजन कार्यालयात नाव घालणं, मग ते कार्ड जपून ठेवायचं, वेळच्या वेळी रिन्यू करायचं, आणि "कॉल" कधी येतो याची वाट बघत बसायचं. ही एक्स्चेंजेस मुळात १९४५ मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी, सगळ्यांसाठी खुली नंतर झाली. पुढे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी जागांसाठी फक्त एक्स्चेंजने पाठवलेली नावं घेऊन भागणार नाही, जाहिरात पण द्यायला हवी. तेव्हापासून त्या कार्डाचा रुबाब उतरला तो उतरलाच. त्यामुळे आजही कुणाला सांगितलं की मी एक्स्चेंजमधून माणूस घेतला तर समोरचा विचारतो, "ते अजून चालू आहे?"

चालू आहे. फक्त आता काम ऑनलाइन झालंय, राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर. मुलं आधार आणि मोबाईलच्या ओटीपीने नोंदणी करतात, शिक्षण, ट्रेड, अनुभव भरतात. कंपनीने आपली कागदपत्रं घालून वेगळं लॉगिन घ्यायचं आणि जागा टाकायच्या. मेळावा ठरला की पोर्टलवर पुणे जिल्हा निवडून कुठल्या कंपनीच्या किती जागा आहेत ते मुलांना दिसतं आणि तिथूनच अप्लाय करता येतं. दोन्ही बाजूंना शून्य रुपये. हे मुद्दाम लिहितेय कारण "रजिस्ट्रेशन फी" मागणारे व्हॉट्सअॅप मेसेज पुण्यात सुखाने फिरत असतात, सरकारी केंद्रात नाव घालायला किंवा मेळाव्यात बसायला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर तो केंद्राचा माणूस नाही, विषय संपला.

आता मला खरंच आवडलेली गोष्ट. मी पोर्टलवर टाकायची जागा कागदावर लिहून घेऊन केंद्रात गेले होते. सरकारी ऑफिस म्हणजे फॉर्म घेतील, शिक्का मारतील आणि बाहेरचा रस्ता दाखवतील अशी तयारी ठेवलेली. तिथल्या मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "ताई, अनुभवी व्हीएमसी ऑपरेटर म्हणजे नक्की काय पाहिजे? कंट्रोल कुठला आहे, फानुक का सीमेन्स? तो सेटिंग करणार का नुसतं लोडिंग-अनलोडिंग? ड्रॉइंग वाचता यायला पाहिजे का?" मी म्हटलं, सेटिंग आमचा सुपरवायझर करतो, याने जॉब लावायचा, सायकल स्टार्ट करायची आणि मध्ये मध्ये मायक्रोमीटरने चेक करायचं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग दोन वर्षांचा अनुभव कशाला मागताय? आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नरचा फ्रेशर पंधरा दिवसांत तयार होईल की. अनुभववाला तुमच्या पगारात येणार नाही, आला तरी चाकणला निघून जाईल."

बरं एवढ्यावर थांबल्या नाहीत. पगार लिहिला होता तो हातात येणारा का पीएफ-ईएसआय धरून? शिफ्ट दोन का तीन? नाईट आहे तर भोसरीहून रात्री जाण्यायेण्याची सोय काय? कॅन्टीन आहे का डबा? ओव्हरटाइम सिंगल रेटने का डबलने? शेवटच्या प्रश्नाला मी छताकडं बघितलं. पण खरं सांगते, इतक्या वर्षांत एकाही कॉन्ट्रॅक्टरने मला हे प्रश्न विचारले नव्हते. कॉन्ट्रॅक्टर विचारतो "किती पाहिजेत आणि कधीपासून", झालं. मॅडमनी आमचा कागद तिथल्या तिथे बदलायला लावला. "अनुभवी" काढलं, "आयटीआय मशिनिस्ट/टर्नर, फ्रेशर चालेल, मायक्रोमीटर-व्हर्नियर वापरता यावा, दोन शिफ्ट, हातात एवढे, ऑन रोल" असं लिहिलं. ऑन रोल, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरकडून नाही तर थेट कंपनीच्या पटावर, हा शब्द ठळक लिहा म्हणाल्या, मुलं सगळ्यात आधी तेच बघतात.

माझ्या मते या सगळ्या सेवेत पैसे वसूल जागा कुठली असेल तर हीच. (पैसे दिलेच नाहीत हे सोडा.) मेळावा, मंडप, पाहुणे, फ्लेक्स हा सगळा नंतरचा मामला. मालकाला नक्की काय पाहिजे ते त्याच्याकडून वदवून घेणारं कोणीतरी मध्ये बसलेलं असणं, हे खरं काम. आणि ते पोर्टल करू शकत नाही, पोर्टलवर तुम्ही "अनुभवी ऑपरेटर" टाकलं तर ते तसंच मुलांपुढे जाणार.

मेळाव्याचा दिवस. एका कॉलेजचा हॉल होता, नाव लिहीत नाही, कारण हॉलबद्दल चांगलं लिहिण्यासारखं फारसं काही नाही. माईकवर सारखी घोषणा आणि टेबलं एवढी चिकटून की शेजारच्या कंपनीचा इंटरव्ह्यू आम्हाला आणि आमचा त्यांना फुकट ऐकायला. सकाळी उद्घाटनाची भाषणं लांबली तेवढा वेळ मुलं उन्हात बाहेर. बिचारी खेड, मंचर, जुन्नरकडून पहाटेची एसटी धरून आलेली, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात मार्कशीटच्या झेरॉक्सचे पाच-सहा सेट. भाषणं संध्याकाळी ठेवा ना राव, निवड झालेल्यांचे सत्कार पण त्यातच उरकतील.

गर्दी कुठे होती ते बघण्यासारखं होतं. मोठ्या ब्रँडच्या टेबलापुढे रांग दरवाज्याबाहेर, आणि तो ब्रँड तिथे स्वतः नाही, त्याच्या वतीने मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी बसलेली, बॅनरवर लोगो मात्र मोठ्ठा ब्रँडचा. मुलगा विचारतो पगार किती, उत्तर "एचआर कॉल करेल". पोस्टिंग कुठे, "एचआर कॉल करेल". कंपनीच्या रोलवर का तुमच्या रोलवर, तर हसून "अरे आधी सिलेक्ट तर हो". दिवसभर नुसते बायोडाटे गोळा केले त्यांनी, थप्पी बघितली तर वह्या विकायला बसल्यासारखी. अशा स्टॉलला मेळाव्यात जागा द्यायची असेल तर द्या, पण टेबलावर तीन ओळींची पाटी सक्तीची करा: पगार हातात किती, रोल कुणाचा, कामाची जागा कुठली. ज्याला हे लिहायची लाज वाटते त्याने घरी बसावं.

आमच्या टेबलापुढे सुरुवातीला शुकशुकाट, आमचं नाव कोण ओळखतंय. मग एकाने पाटी वाचली, "ऑन रोल" बघून मित्राला हाक मारली आणि तासाभरात आमची पण बऱ्यापैकी लाईन लागली. सरांनी एक छान केलं, शॉपमधून दोन रिजेक्ट झालेले पार्ट आणि एक मायक्रोमीटर बरोबर घेतला होता. मुलगा आला की त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "माप घे रे याचं." पाच मिनिटांत कळतं. ऐंशी टक्के मार्क असलेला पोरगा मायक्रोमीटर उलटा धरतो आणि पासष्ट टक्केवाली मुलगी रॅचेट फिरवून तीन ठिकाणी माप घेऊन सांगते की सर हा ओव्हल झालाय. ती मुलगी आम्ही तिथेच घेतली. औंध आयटीआयची, मशिनिस्ट ट्रेड, आणि तिला आधीच्या दोन टेबलांवर "मुलींसाठी ऑफिसचं काही नाही" असं सांगून परत पाठवलेलं! कमाल आहे लोकांची.

आता तो प्रसिद्ध शब्द, "प्राथमिक निवड". मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की एवढे उमेदवार आले, एवढ्यांची प्राथमिक निवड झाली. वाचणाऱ्याला वाटतं एवढ्यांना नोकरी लागली. तसं नसतं. प्राथमिक निवड म्हणजे कंपनीच्या माणसाने यादीत नावापुढे टिक केली. एकाच मुलाच्या नावापुढे चार टेबलांवर टिक असू शकते आणि तो चौघांकडेही जाणार नाही असंही होतं. आमच्या यादीतले बरेचसे आलेच नाहीत. मी एकेकाला फोन केले, राग म्हणून नाही, कारण कळावं म्हणून, आणि ही कारणं कुठल्याही बातमीत सापडणार नाहीत म्हणून लिहिते.

एकाला चाकणमध्ये दीड हजार जास्त मिळाले आणि कंपनीची बस दारात. एकाचं म्हणणं, मॅडम रूमचं भाडं, मेसचे पैसे जाऊन हातात काय राहतं, त्यापेक्षा गावात राहून भावाच्या दुकानात बसतो. हिशोब चुकीचा नव्हता त्याचा. दोघं पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करत होते, इंटरव्ह्यूला फक्त घरच्यांच्या समाधानासाठी आलेले, फोनवर धाप लागलेली, मागे शिट्टीचा आवाज. एकाच्या आईने फोन उचलला आणि "नाईट शिफ्टला नाही पाठवणार" म्हणून ठेवून दिला. आणि एक सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याला चार महिन्यांपुरतंच काम पाहिजे होतं, प्रिलिमपर्यंत. त्याने निदान खरं सांगितलं.

यातलं बरंचसं केंद्राच्या हातात नाही हे मान्य. पण आकडा छापायचाच असेल तर तीन महिन्यांनी किती जण कामावर टिकून आहेत तो छापा की. तो छोटा निघेल, पण त्यावरून पुढच्या मेळाव्यात कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हे ठरवता येईल. आम्हाला नंतर केंद्रातून फोन आला होता, किती जॉइन झाले विचारायला. चांगली गोष्ट. तोच फोन तीन महिन्यांनी परत यावा एवढीच अपेक्षा.

कायद्याचं पण एक गंमतशीर आहे. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीने सुद्धा रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या आणि दर तिमाहीला ईआर-१ रिटर्न भरायचं असं होतं. आमच्यासारखे अकाउंट्सवाले ते रिटर्न इमानदारीने भरत आलेत. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की तिथूनच माणूस घेतला पाहिजे असं बंधन नाही, आणि नाही कळवलं तर पहिल्या वेळी दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे! नो पार्किंगमध्ये गाडी उचलून नेली तर सोडवायला जास्त जातात. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतलाय आणि त्यात एक्स्चेंजला करिअर सेंटर म्हटलंय. पाटी बदलेल, मालक मंडळी स्वतःहून जागा कळवतील का ते त्या टेबलावरच्या मॅडमसारखी माणसं किती आहेत त्यावर ठरणार.

माझा दीर ओहायोला असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला वहिनी, आमच्याकडे याला वर्कफोर्स बोर्ड म्हणतात. २०१४ च्या तिथल्या कायद्यानुसार प्रत्येक भागाचं स्थानिक बोर्ड असतं आणि त्यात निम्म्याहून जास्त मेंबर धंदेवाले असलेच पाहिजेत, बाकी कामगार संघटना, शिक्षण संस्था वगैरे. त्या बोर्डाच्या देखरेखीखाली जॉब सेंटर चालतात, देशभरात २,३०० च्या आसपास. मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे नव्या माणसाला कामावर ठेवून शिकवलं तर त्या काळातल्या पगाराचा निम्म्यापर्यंत, काही वेळा पाऊण हिस्सा बोर्ड मालकाला परत देतं, आणि हा करार छोट्या कारखान्यालाही करता येतो. आपल्याकडे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली जिल्हा कौशल्य समिती असते. माझं म्हणणं एवढंच, की तिथे भोसरी-चाकण-रांजणगावच्या छोट्या शॉपवाल्यांना, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या एचआर हेडना नाही, खरंखुरं मत असायला पाहिजे. कुठला कोर्स चालू ठेवायचा आणि कुठला बंद करायचा हे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक दिवस उभं राहिलं तरी कळेल.

पैसे परत मिळण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही असं नाही पण. अप्रेंटिस घेतला तर केंद्र सरकारच्या एनएपीएस या अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा पंचवीस टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा सरकार उचलतं, आणि अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागत नाही. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं तसंही सक्तीचं आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. दुसरी, २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, बारावी पासला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, आणि हे पैसे सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं, आधी सहा महिने होती नंतर पाच महिने वाढवली. कारखान्याच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं, पण माझा एक आक्षेप आहे. बरेच मालक याला फुकटचा हेल्पर समजतात, पोराला झाडू आणि चहा यातच ठेवतात आणि मुदत संपली की पुढचा घेतात. आमच्याच गाळ्यांच्या रांगेत एक आहे असा, नाव काय लिहू, रोज गेटवर नमस्कार करावा लागतो. मुलांनो, अशा ठिकाणी गेलात तर पहिल्याच आठवड्यात विचारा की मला मशीनवर कधी उभं करणार.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी माझं मत. आयटीआय, डिप्लोमा, बारावी, साधा बीकॉम असाल आणि प्रॉडक्शन, स्टोअर, क्यूसी, बिलिंग, टेलिकॉलिंग असलं काम चालणार असेल तर मेळाव्याला जरूर जा. आयटीवाले असाल तर हिंजवडीचे जॉब इथे शोधू नका, तुमच्या ओळखी आणि रेफरल तुम्हाला जास्त लवकर पोचवतील. नुसती पदवी आहे आणि काय करायचं तेच कळत नाही, तर मेळाव्याच्या गर्दीत जाण्यापेक्षा साध्या दिवशी केंद्रात जाऊन समुपदेशन घ्या, किंवा वस्तीजवळ महापालिकेबरोबर चालणारं, तरुणांना कौशल्यं शिकवणारं लाइटहाऊस केंद्र असेल तर तिथे जा. मेळाव्यात लोगोच्या रांगेत दिवस घालवू नका, आधी छोट्या कंपन्यांच्या टेबलांवर फिरून या, तिथे निर्णय घेणारा माणूस स्वतः बसलेला असतो. पगार विचारायला लाजू नका, "हातात किती" असाच विचारा, सीटीसी-बीटीसी ऐकून घेऊ नका. आणि काम नकोच असेल तर टिक झाल्यावर एक मेसेज टाका, आम्ही पण माणसंच आहोत, मशीन रिकामं ठेवून वाट बघतो.

स्टार द्यायचे तर केंद्रातल्या समोरासमोरच्या मार्गदर्शनाला साडेचार, अर्धा कापला कारण असे लोक संख्येने कमी वाटले आणि एवढा मोठा जिल्हा. पोर्टलला तीन, काम होतं पण पन्नाशीच्या मालकाला एकट्याने जमेल असं नाही, घरातलं कोणीतरी कॉलेजचं पोर शेजारी बसवा. मेळाव्याला अडीच. भाषणं कमी केली आणि पगाराची पाटी सक्तीची केली तर चार.

ती औंधची मुलगी सध्या आमच्या दुसऱ्या व्हीएमसीवर आहे आणि सुपरवायझर तिला ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या मापाच्या दुरुस्त्या, टाकायला शिकवतोय. आम्हाला अजून एक टर्नर आणि क्यूसीला एक जण पाहिजे. दोन्ही जागा महास्वयमवर टाकल्यात, पगार लिहिलाय, ऑन रोल आहे, नाईट नाही.